धाकट्यांचा वस्तरा

“वस्तरा काढा, काका. इथं टेबलावर ठेवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकट्यांनी बायकोकडे पाहिलं. वस्तरा बायकोच्या पिशवीत होता. आधी कागदात गुंडाळलेला, मग फडक्यात, मग डब्यात आणि डब्याला वरून सुतळी. रस्त्यानं तो स्वतः घेऊन यायची त्यांची छाती झाली नव्हती. बायकोनं सुतळीची गाठ दातानं सोडली आणि वस्तरा टेबलावर ठेवला. धाकटे खुर्चीसकट मागे सरकले.

“अहो, दुमडलेलाच आहे,” बायको म्हणाली.

“दुमडलेला असला म्हणून काय झालं? उघडायला कितीसा वेळ लागतो?”

“आता म्हणा,” बाई म्हणाल्या. “मागच्या खेपेला ठरलं होतं ते वाक्य.”

धाकट्यांचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. तिथं एक रबर होतं, औषधाच्या पुडक्याला लावतात तसलं साधं. त्यांनी ते ताणलं आणि सोडलं. चट्‌ आवाज झाला. पुन्हा ताणलं.

“रबर नाही, काका. वाक्य.”

“कसलं वाक्य घेऊन बसलात!” धाकटे उठलेच. “नातवंडं असलेल्या माणसाला असलं अभद्र बोलायला लावता? मी विचार जावा म्हणून आलोय, आणि तुम्ही त्याला पाट मांडून बसवताय. हे रबर मोठ्या डॉक्टरांनी दिलंय मला. तेव्हा तुमचा जन्म तरी झाला होता का?”

“झाला होता. बालवाडीत असेन,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आणि त्यांनीच पुढं सांगितलंय, की रबराचा उपयोग होत नाही. विचाराला ‘येऊ नको’ म्हटलं, की तो जास्त येतो. आता मी म्हणते, तुमच्या दुकानातला आरसा अजिबात डोळ्यांपुढं आणू नका.”

धाकट्यांच्या डोळ्यांपुढं आरसा उभा राहिला, डाव्या कोपऱ्यातल्या तड्यासकट. त्याचा त्यांना अधिकच राग आला. ते दार ढकलून बाहेर पडले. पायांत चपला उलटसुलट घातल्या गेल्या होत्या, हे त्यांना रस्ता ओलांडल्यावर कळलं.

दोघा भावांचं केस कापायचं दुकान होतं. दुकानात दोन खुर्च्या. एकीपाशी थोरले, दुसरीपाशी धाकटे. गिऱ्हाइकं त्यांना याच नावांनी ओळखायची. धाकट्यांचे केस पिकले, मुलगी नांदायला गेली, तिला मुलं झाली, तरी ते धाकटेच राहिले. दाढ्या थोरल्यांकडे आणि केस धाकट्यांकडे, अशी वाटणी होती. लोकांना वाटायचं, ज्याचा हात ज्यात बसलाय ते तो करतो. खरं कारण धाकट्यांच्या बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

तरुणपणी धाकटेही दाढ्या करत. एके सकाळी शाळेचे मास्तर खुर्चीत बसले. धाकट्यांनी फेस लावला, वस्तरा उचलला, तेव्हा मास्तरांनी हनुवटी वर केली आणि म्हणाले, “काय धाकटे, आता आमचा जीव तुमच्या हातात बरं का!” ही थट्टा प्रत्येक न्हाव्यानं हजारदा ऐकलेली असते. धाकटेही सवयीनं हसले. आणि हसता हसताच मनात आलं, खरंच की. थोडं दाबलं तर?

बस. तेवढंच. पण अंगाला दरदरून घाम सुटला. मास्तर तर भला माणूस, त्यांच्याशी वैर नाही, वाकडं नाही. मग हे कुठून आलं? दाढी कशीबशी उरकली. दुपारच्या गिऱ्हाइकाच्या वेळी पुन्हा तेच. मग प्रत्येक गळ्याला तेच. धाकट्यांना वाटायला लागलं, आपल्या आत कोणीतरी खुनी बसलाय आणि तो नुसता संधीची वाट पाहतोय. मुंगी चिरडली तरी हळहळणारा माणूस हा.

बायकोनं जेवण सुटलेलं पाहिलं, खोदून खोदून विचारलं आणि हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं मोठे डॉक्टर भेटले. तेव्हा तेही तरुणच होते, उत्साहानं खुर्चीत नीट बसायचेसुद्धा नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वेडं ठरवलं नाही, याचंच धाकट्यांना रडू आलं. डॉक्टरांनी टेबलावरच्या पुडक्याचं रबर काढलं आणि त्यांच्या मनगटात घातलं. “विचार आला, की हे ओढून सोडायचं आणि मनात ओरडायचं, थांब! मनाची सवय आहे ही. सवय मोडता येते.”

थोडे दिवस बरं वाटलंही. मग रबराचा चटका विचाराच्या मागोमाग यायला लागला आणि पुढं पुढं तर विचार चटक्याच्या मागोमाग. शेवटी धाकट्यांनी वस्तराच सोडला. “हाताला कंप सुटतो,” असं थोरल्यांना सांगितलं. थोरल्यांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्या हातात कात्री होती आणि एका मुलाच्या कानामागं ती केसभरही हलत नव्हती. थोरले पाहत राहिले आणि एवढंच म्हणाले, “बरं. दाढ्या मी करतो. तू केस बघ.”

त्यानंतर अख्ख्या दुकानाच्या दाढ्या थोरल्यांनी केल्या. कंबर वाकली तरी केल्या.

आणि आता थोरले अंथरुणावर होते. उजवं अंग गेलं होतं, वाचा जवळजवळ गेली होती. “पाणी”, “नको”, असे चारदोन शब्द कसेबसे निघत. पुन्हा झटका आला तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ज्या माणसानं उभ्या जन्मात दाढी केल्याशिवाय उंबरठा ओलांडला नाही, त्याच्या गालांवर पांढरे खुंट माजले होते. वहिनींनी दुसऱ्या दुकानातला कारागीर बोलावला. थोरल्यांनी दातावर दात घट्ट दाबले, डाव्या हातानं पाण्याची वाटी लोटून दिली. मग दारात उभ्या असलेल्या धाकट्यांकडे पाहिलं आणि डाव्या हाताची बोटं स्वतःच्या गालावरून फिरवली.

धाकटे म्हणाले, “आलोच, दादा. दुकान उघडं टाकून आलोय.” आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्याही. वहिनी शेवटी बोलल्याच. “भाऊजी, गावाची डोकी भादरता, आणि सख्ख्या भावाच्या दाढीला तुम्हाला मुहूर्त सापडेना होय? एवढं एकच मागतायत ते. बोलता येत असतं तर मागितलंही नसतं.”

ते बोलणं धाकट्यांच्या जिव्हारी लागलं, म्हणून ते डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. आणि तिथूनही पळून आले होते.

दिवसभर ते भटकत राहिले. बाजारातून दोनदा गेले. आपल्याच बंद दुकानासमोर उभं राहून कुलूप ओढून पाहिलं, चार पावलं गेले, परत येऊन पुन्हा ओढलं. चहा मागवला आणि न पिता उठले. बायको त्यांना शोधत आली तेव्हा ते बसथांब्यावर बसले होते. बस येत होत्या, जात होत्या.

“कुठं जायचा विचार आहे?” तिनं विचारलं.

“कुठं नाही.”

“मग दुसऱ्याची जागा कशाला अडवलीत? तुमच्यापेक्षा तो वस्तरा शहाणा. सकाळपासून पिशवीत गप्प पडून आहे.”

धाकटे पिशवीपासून जरा लांब सरकले. मग म्हणाले, “मी मोठ्या डॉक्टरांनाच विचारतो. ते म्हणाले रबर काढ, तर काढीन.”

मोठे डॉक्टर आता नुसते म्हातारे डॉक्टर झाले होते. ओसरीत वर्तमानपत्र पसरून त्यावर टेबलपंखा खोलून बसले होते. धाकट्यांना त्यांनी लगेच ओळखलं. “या, या! बसा. हा पंखा मी दर उन्हाळ्यात खोलतो आणि जोडतो. दर वेळी एक स्क्रू उरतो, तरी पंखा चालतो.”

“मग तो स्क्रू होता कशाला?” धाकट्यांच्या बायकोनं विचारलं.

“तेच तर पाहायचं असतं,” म्हातारे डॉक्टर हसले. तेवढ्यात त्यांची नजर धाकट्यांच्या मनगटावर गेली आणि हसू ओसरलं. त्यांनी चष्मा काढला. “अजून?”

“तुम्हीच दिलंत. तुटलं की दुसरं घालतो. आंघोळीलासुद्धा काढत नाही.”

“आणि विचार?”

“तो येतोच की.”

“पूर्वीपेक्षा कमी येतो?”

धाकटे मनगटावरचं रबर फिरवायला लागले. बायको मागून म्हणाली, “जास्त.”

डॉक्टरांनी हातातलं पंख्याचं पातं खाली ठेवलं. “मी मागं तुमच्या दुकानात आलो होतो. रबर दिलेल्या एकेकाला गाठून विचारत फिरत होतो मी. तुम्ही म्हणालात, एकदम ठणठणीत आहे.”

“म्हणालो होतो.”

“का म्हणालात?”

“आता काय सांगू! तुम्ही भर उन्हात आलात. रुमालानं मान पुसत होतात. मला वेडा न म्हणणारे तुम्ही पहिले. त्या माणसाच्या तोंडावर कसं म्हणायचं, की बाबा, तुझ्या औषधाचा गुण आला नाही? तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

म्हातारे डॉक्टर हसायला लागले. पण मध्येच थांबले. “मला वाईट वाटू नये म्हणून किती लोक बरे झाले होते, देव जाणे. मी सगळ्यांना बरे झालेल्यांत धरलं. चार शहाण्यांसमोर छाती फुगवून सांगितलं. मग एका घरी गेलो. नवरा म्हणाला, छान आहे. बायको त्याच्या मागं उभी होती, तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. अशी. त्या दिवसापासून मी घरच्यांना विचारायला लागलो. मग वाटलं, मी विचारतो म्हणून लोक भिडस्तपणा करतात, तर ज्याला माझ्या रबराचं सोयरसुतक नाही अशा माणसानं विचारावं. तसं केलं. बरे झालेले भराभर कमी व्हायला लागले. दुसरीकडच्या डॉक्टरांनी करून पाहिलं, त्यांनाही तेच दिसलं.”

“म्हणजे तुम्ही चुकलात?”

“हो.”

कोणा डॉक्टरच्या तोंडून हा शब्द धाकट्यांनी कधी ऐकला नव्हता. आणि ऐकल्यावर त्यांना समाधान वाटायचं सोडून मस्तक फिरलं. “नुसतं हो? तुम्ही सुटलात हो म्हणून! माझ्या वाटच्या दाढ्या माझ्या दादानं केल्या. कंबर मोडली त्याची. आणि आज त्याला माझा हात हवाय, तर मी चोरासारखा तोंड चुकवत फिरतोय. हे कुठं धरायचं?”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “ते माझ्या खात्यावर धरा,” ते म्हणाले. “जे खोटं ठरलं ते चारचौघांत सांगितलं मी. पण तुमच्या दुकानात परत येऊन सांगायला पाहिजे होतं. तुम्ही बरे आहात असं समजून मी आलो नाही.”

बायकोनं पदरानं कपाळ पुसलं. धाकट्यांचा राग जसा चढला तसा उतरला. त्यात आपलाही वाटा होता, हे त्यांना कळत होतं.

“दवाखान्यात आता ती नवी मुलगी आहे ना, ती सांगते ते करा,” डॉक्टर म्हणाले. “ती माझ्या हाताखाली शिकलेली नाही हे फार बरं. माझा मान राखायचं ओझं नाही तिच्यावर.”

“आणि उद्या तीही चुकली तर?”

“तर तिला तोंडावर सांगा. वाईट वाटू द्या तिला.” त्यांनी तळहात पुढं केला. धाकट्यांनी रबर काढून त्यावर ठेवलं. खाली चामडीवर पांढरट वळ होता. डॉक्टरांनी जुन्या वर्तमानपत्रांची गुंडाळी केली, तिला ते रबर लावलं आणि कोपऱ्यात टाकली.

धाकटे पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जायला लागले. वाक्य पहिल्यांदा ओठांतल्या ओठांत म्हटलं. “मी वस्तऱ्यानं माणसाचा गळा कापीन.” मग जरा मोठ्यानं. मग पुन्हा पुन्हा, इतक्यांदा की एकदा म्हणता म्हणता त्यांना जांभई आली. ते दचकले. “ताई, असल्या वाक्याला जांभई येते! म्हणजे मी राक्षसच की!”

“नाही, कंटाळलात,” बाई हसू दाबत म्हणाल्या.

“एकदाच सांगा ना, ताई. मी नाही ना करणार तसं?”

“ते मी सांगणार नाही. आज सांगितलं, की उद्या पुन्हा विचाराल. आणि काकू, घरी तुम्हीही सांगायचं नाही.”

इतकी वर्षं बायको रोज न चुकता सांगत आली होती, तुमच्या हातून असं व्हायचं नाही. आता धाकट्यांनी विचारलं की ती भाजी चिरता चिरता म्हणायची, “कोण जाणे!” आणि सुरी त्यांच्या हातात देऊन म्हणायची, “हे घ्या, एवढं चिरून द्या.” पहिल्या दिवशी धाकटे उपाशी उठले. नंतर भाजी चिरायला लागले.

मग वस्तरा उघडला. मग हातात धरला. मग एके दिवशी बाई त्यांच्याकडे पाठ करून बसल्या, केस वर बांधले आणि म्हणाल्या, “मानेवरचे बारीक केस काढून द्या, काका.”

“ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते की. कापलं तर तुरटी लावाल ना?”

धाकट्यांना घाम फुटला, पण केस निघाले. विचार सबंध वेळ कानाशी बडबडत होता. बाई म्हणाल्या, त्याला हाकलू नका. आगाऊ गिऱ्हाइकासारखा बाकावर बसू द्या आणि आपलं काम करत राहा.

पण दादाच्या खोलीत गेले, की सगळं मुसळ केरात. दारातूनच परत. दवाखान्यात जाताना धाकट्यांनी मनाशी जुळवलं होतं, की बाईंना म्हणावं, प्रगती आहे. पोरगी जीव तोडून करतेय. बाईंनी विचारलं तेव्हा तोंडावर आलंच होतं, “छान आहे.” बायको मागून खाकरली.

“ताई,” धाकटे म्हणाले, “खरं सांगू? इथं जमतं. तिथं काही म्हणजे काही जमत नाही. तुमचं हे दादापर्यंत पोचतच नाही.”

बाईंचा चेहरा उतरला. लपवला त्यांनी, पण गिऱ्हाइकांचे चेहरे आरशात पाहण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते दिसलं. त्या पेन फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, “चूक माझी आहे. पोहायला शिकवतेय अंगणात आणि सोडतेय विहिरीत. उद्यापासून इथं यायचं नाही. वस्तरा उघडा करून दादांच्या खोलीत बसायचं. दाढी करायची नाही. नुसतं बसायचं. आणि वाक्य त्यांना सांगायचं.”

“दादाला?”

“भीती त्यांच्याच गळ्याची आहे ना?”

सकाळी धाकटे दादाच्या पलंगाशेजारी बसले. मांडीवर उघडा वस्तरा. पाय सारखा हलत होता. त्यांनी तो दुसऱ्या पायानं दाबला, तर दुसरा हलायला लागला. वहिनी पाण्याची वाटी घेऊन दारात थबकल्या. थोरल्यांची नजर वस्तऱ्यावर होती.

“दादा,” धाकटे म्हणाले. “माझ्या हाताला कंप कधीच नव्हता. माझ्या मनात येतं, वस्तरा हातात घेतला की येतं, की मी समोरच्याचा गळा कापीन. तुझाही. म्हणून मी सोडलं. म्हणून सगळ्या दाढ्या तुझ्यावर आल्या.”

वहिनींच्या वाटीतलं पाणी हिंदकळलं. थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं, खूप वेळ, त्या दिवशी कात्रीकडे पाहिलं होतं तसंच. मग डावा हात पुढं केला. वस्तरा मागितला.

धाकट्यांनी तो त्यांच्या हातात दिला. थोरल्यांनी वस्तरा कसाबसा वळवला, पात्याची धार लुळ्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवली आणि ओढली. कपाळाला आठ्या पडल्या. तोंड वाकडं झालं, जीभ अडली, पुन्हा प्रयत्न केला आणि शब्द निघाला.

“बोथट.”

वहिनींना हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. “ऐकलंत? अजून मालकच आहेत.”

धाकट्यांनी धार लावायचा चामडी पट्टा आणला. एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलं आणि वस्तरा घासायला लागले, वर-खाली, वर-खाली. हाताला विसर पडला नव्हता. आज नुसतं बसायचं होतं, दाढी करायची नव्हती. पण धार लागलेला वस्तरा घेऊन नुसतं बसायचं कसं, हे कोणत्याच न्हाव्याला कळलं नसतं. त्यांनी वाटीत ब्रश भिजवला.

फेस केला. गालांवर, ओठांवर, हनुवटीखाली लावला. डावा गाल आधी घेतला. तो ताठ होता. उजवा सैल पडला होता, बोटांनी वर ताणून धरावा लागला. विचार आलाच. आला आणि बसला, काही ना काही बडबडत राहिला. धाकट्यांच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. ते मध्येच थांबले, वस्तरा पुसला, खिडकीपर्यंत जाऊन आले, पुन्हा सुरू केलं. वहिनी वाटी धरून उभ्या होत्या. गळ्याशी आले, वरून खाली सुलटा हात फिरवला, तेव्हा कातडीखाली ठोका उडताना दिसत होता, बारीक, सारखा. धाकट्यांनी डाव्या हातानं हनुवटी वर उचलली. हनुवटी अपेक्षेपेक्षा जड लागली.

ते दचकले. मग ऐकलं. थोरले घोरत होते.

“एवढ्यात झोपले?” वहिनी कुजबुजल्या. “उठवू का, भाऊजी?”

“नको,” धाकटे म्हणाले. “उलटा हात राहिलाय अजून.”

त्यांनी ब्रश पुन्हा भिजवला, झोपलेल्या गळ्यावर हलकेच फेस फिरवला आणि कातडी ताणून वस्तरा खालून वर घेतला.